उजेडावरून स्फोट तोलताना

१६ जून २०१८ रोजी हवाई बेटांवरच्या ‘अ‍ॅटलास’ दुर्बिणींना शौरी तारकासमूहात एक नवा प्रकाशबिंदू दिसला. नोंदवहीच्या अक्षरक्रमाने त्याच्या वाट्याला ‘एटी२०१८काऊ’ हे नाव आले. तो सुमारे २० कोटी प्रकाशवर्षे दूरच्या एका छोट्या दीर्घिकेत होता. सुपरनोव्हाला तेजाच्या शिखरावर पोहोचायला साधारणपणे दोन-तीन आठवडे लागतात. हा जेमतेम तीन दिवसांत तिथे पोहोचला, आणि नेहमीच्या सुपरनोव्हापेक्षा कितीतरी अधिक तेजस्वी झाला. खगोलशास्त्रज्ञांनी त्याला नेहमीचे हिशेब लावून पाहिले. प्रकाश इतक्या लवकर बाहेर पडला, त्याअर्थी उडालेले द्रव्य सूर्याच्या निम्म्याहूनही कमी असले पाहिजे, असे एका सूत्राने सांगितले. दुसऱ्या सूत्राने सांगितले, की एवढे तेज किरणोत्सारी निकेलपासून यायचे तर ते निकेलच सूर्याच्या सुमारे सहापट हवे.

अर्ध्या सूर्याएवढ्या द्रव्यात सहा सूर्यांएवढे निकेल मावत नाही. मोजमाप नीट झाले होते आणि गणितातही चूक नव्हती. गणिताच्या मुळाशी असलेले एक गृहीतक मात्र इथे लागू नव्हते. प्रकाश निकेलचा नव्हता, त्यामागे दुसरेच इंजिन होते. पुढे या स्रोताच्या क्ष-किरणांत सेकंदाला २२४ वेळा होणारे चढउतार सापडले. आत न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर यांसारखी अतिशय आटोपशीर वस्तू असल्याचे ते चिन्ह होते.

असे प्रसंग हा या पुस्तकाचा विषय आहे. फुटलेल्या ताऱ्याचे द्रव्य किती, स्फोटाची ऊर्जा किती, नवे निकेल किती तयार झाले, मूळ तारा केवढा होता आणि त्याच्या भोवती काय पसरले होते, या प्रश्नांची उत्तरे दूरवरून आलेल्या उजेडातून काढायची असतात. तारा हाती लागत नाही आणि प्रयोग पुन्हा करता येत नाही. बहुतेक वेळा तो फुटण्यापूर्वीचे छायाचित्रही नसते. तरीही शोधनिबंधांत आकडे येतात: उडालेले द्रव्य अमुक सौर वस्तुमान, ऊर्जा तमुक अर्ग. असा प्रत्येक आकडा एका अटीसह जन्माला येतो. ती अट वाचता आली तरच आकडा वाचता आला असे म्हणता येते, आणि विलक्षण सुपरनोव्हांचे मोल यातच आहे की ते या अटी उघड्या पाडतात.

आकाशात अवचित प्रकटणाऱ्या ताऱ्यांच्या नोंदी जुन्या आहेत. १०५४ च्या जुलैमध्ये वृषभ राशीत दिसलेला ‘पाहुणा तारा’ चिनी ज्योतिषांनी लिहून ठेवला. तो २३ दिवस भरदिवसा दिसत होता आणि रात्रीच्या आकाशात जवळजवळ दोन वर्षे टिकला. त्याचा अवशेष म्हणजे आजचा खेकडा तेजोमेघ. भारतीय ग्रंथांतही या घटनेचा उल्लेख असेल का, याचा शोध पुण्यात जयंत नारळीकर आणि संस्कृत विदुषी सरोजा भाटे यांनी घेतला. १५७२ मध्ये शर्मिष्ठेत उजळलेल्या ताऱ्याची ट्यूको ब्राहेने शुक्र, गुरू आणि इतर ताऱ्यांशी तुलना करत महिनोन् महिने नोंद ठेवली. त्या नोंदींवरून वॉल्टर बाडे यांनी १९४५ मध्ये त्या ताऱ्याच्या तेजाचा आलेख काढला आणि तो पहिल्या प्रकारचा सुपरनोव्हा असल्याचे दाखवले. २००८ मध्ये त्याच स्फोटाचा आंतरतारकीय धुळीवरून परावर्तित होऊन उशिरा पोहोचलेला प्रकाश पकडून त्याचा वर्णपट घेण्यात आला. बाडे यांचा निष्कर्ष बरोबर ठरला. दुर्बिणीचा शोध लागण्यापूर्वी डोळ्यांनी केलेल्या नोंदी साडेतीनशेहून अधिक वर्षांनंतर भौतिकशास्त्राच्या कामी आल्या.

आधुनिक कथेची सुरुवात १९३४ ची. बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी ‘सुपरनोव्हा’ ही स्वतंत्र जात मांडली आणि तिच्यामागे साध्या ताऱ्याचे न्यूट्रॉन ताऱ्यात होणारे रूपांतर असावे असे सुचवले. न्यूट्रॉनचा शोध लागून तेव्हा दोनच वर्षे झाली होती. १९४१ मध्ये रुडॉल्फ मिन्कोव्स्की यांनी १४ सुपरनोव्हांचे वर्णपट तपासून त्यांचे दोन गट पाडले. ज्यात हायड्रोजनच्या रेषा नाहीत ते प्रकार एक, ज्यात आहेत ते प्रकार दोन. ही विभागणी दिसण्यावर आधारलेली होती. पुढे कळले की प्रकार एकमध्ये दोन अगदी वेगळी मरणे एकत्र बसली आहेत. त्यांपैकी ‘एक-ए’ हा श्वेत बटूचा अणुस्फोट. ‘एक-बी’ आणि ‘एक-सी’ ही मात्र वरचे थर गमावून बसलेल्या महाकाय ताऱ्यांची गाभा कोसळण्याची प्रकरणे, म्हणजे जातीने प्रकार दोनचे नातलग. नावावरून स्वभाव ठरवू नये, हा या क्षेत्राला मिळालेला धडा.

श्वेत बटूंच्या बाबतीत सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांची मर्यादा मध्यवर्ती आहे. सूर्याच्या सुमारे १.४ पटीपलीकडे श्वेत बटू स्वतःचा भार पेलू शकत नाही. १९६० मध्ये फ्रेड हॉयल आणि विल्यम फाउलर यांनी अशा दाट ताऱ्यातले इंधन पेटले तर सारा तारा उधळेल असे दाखवले. पण एक कोडे उरले होते. इतक्या वेगाने प्रसरण पावणारा वायू काही दिवसांत थंड पडायला हवा, तरीही सुपरनोव्हा महिनोन् महिने का तेजाळतो? स्टर्लिंग कोलगेट आणि चेस्टर मॅकी यांनी १९६९ मध्ये याचे नीट उत्तर दिले. स्फोटात निकेल-५६ तयार होते, ते ६.१ दिवसांच्या अर्धायुष्याने कोबाल्टमध्ये आणि कोबाल्ट ७७ दिवसांच्या अर्धायुष्याने लोखंडात बदलते. या ऱ्हासातून निघणारे गॅमा किरण वायूला आतून तापवत राहतात. आपण जो उजेड पाहतो तो मुख्यतः या नव्याने घडलेल्या मूलद्रव्याचा.

तिथून अनुमानाला गणिती रूप आले. डेव्हिड आर्नेट यांनी १९७९ ते १९८२ च्या दरम्यान मांडलेली सूत्रे आजही प्रत्येक विद्यार्थी पहिल्यांदा शिकतो. त्यांचा गाभा साधा आहे. आत निर्माण झालेला प्रकाशकण सरळ बाहेर येऊ शकत नाही, तो कणाकणावर आदळत, दिशा बदलत वाट काढतो. आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात अडकलेल्या माणसासारखे त्याचे होते: गर्दी जितकी दाट तितका बाहेर पडायला उशीर, आणि गर्दी जितक्या वेगाने पांगेल तितकी वाट लवकर मोकळी. म्हणून तेजाचा आलेख किती रुंद आहे यावरून द्रव्याचा अंदाज येतो. वेग तोच राहून आलेखाची रुंदी दुप्पट झाली, तर द्रव्य चौपट. वेग कळतो वर्णपटातून, कारण आपल्याकडे येणाऱ्या वायूतल्या शोषणरेषा निळ्या बाजूला सरकलेल्या असतात. द्रव्य आणि वेग मिळाले की गतिज ऊर्जा मिळते. शिखरावरचे तेज हे त्या क्षणी किरणोत्सारातून मिळणाऱ्या ऊर्जेएवढे असते, या आर्नेट यांच्या नियमावरून निकेल मिळते. शिखर एकोणिसाव्या दिवशी आले तर एका सौर वस्तुमानाएवढे निकेल सेकंदाला सुमारे २ गुणिले १० चा ४३ वा घात एवढे अर्ग देते. सामान्य ‘एक-ए’ मध्ये निकेल साधारण ०.६ सौर वस्तुमान भरते.

किती कमी सामग्रीतून केवढे मोठे उत्तर! पण याच सूत्रात धोके दडलेले आहेत. ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग २० टक्क्यांनी जास्त धरला गेला तर ऊर्जा ७३ टक्क्यांनी फुगते. आणि वर्णपटात अनेक रेषा असतात, प्रत्येक रेष वेगळा वेग सांगते, कोणती घ्यायची? वायूची अपारदर्शकता ग्रॅममागे ०.०७ चौरस सेंटीमीटर धरायची की ०.२, यावर द्रव्याचा अंदाज जवळजवळ तिपटीने बदलतो. अंतरात चूक झाली की तेजातली चूक तिच्या वर्गाने वाढते. वाटेत धूळ किती आहे हे ठरवण्यात गफलत झाली तर निकेलही चुकते. शिवाय स्फोट गोलाकार आहे, निकेल मध्यभागी आहे आणि उजेडाला दुसरा स्रोत नाही, हे सारे गृहीत धरलेलेच असते.

हायड्रोजनचे जाड आवरण शाबूत असलेल्या ताऱ्यांचे गणित निराळे. तिथे तेज एकदा चढले की सुमारे शंभर दिवस जवळपास सपाट राहते. वायू ५ ते ६ हजार अंशांपर्यंत निवला की हायड्रोजनचे आयन पुन्हा अणू बनतात आणि पारदर्शक होतात. ही सीमा बाहेरून आत सरकत जाते आणि कोंडलेली उष्णता हप्त्याहप्त्याने मोकळी होते. लित्विनोव्हा आणि नाद्योझिन यांनी १९८५ मध्ये आणि पोपोव यांनी १९९३ मध्ये या सपाट टप्प्याचा काळ, तेज आणि वेग या तिघांवरून द्रव्य, ऊर्जा आणि मूळ त्रिज्या काढण्याची सूत्रे दिली. तीन मापे, तीन उत्तरे, असा तो नेटका व्यवहार वाटत होता. २०१९ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवून दिले, की द्रव्य, ऊर्जा आणि त्रिज्येच्या निरनिराळ्या जुळण्या जवळजवळ एकसारखाच आलेख आणि एकसारखाच वेग देऊ शकतात. म्हणजे केवळ या तीन मापांवरून उत्तर एकमेव ठरत नाही. ताऱ्याचे जुने छायाचित्र किंवा पहिल्या दिवसांतली निरीक्षणे अशी आणखी एखादी साक्ष लागते.

अशा पद्धतींची खरी परीक्षा २३ फेब्रुवारी १९८७ ला सुरू झाली. शेजारच्या मोठ्या मॅगेलन मेघात, सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवर एसएन १९८७ए उजळला. प्रकाश दिसण्याच्या काही तास आधी जपान, अमेरिका आणि तत्कालीन सोव्हिएत संघातल्या शोधकांत मिळून सुमारे दोन डझन न्यूट्रिनो सापडले होते. ताऱ्याचा गाभा कोसळतो आणि ऊर्जेचा फार मोठा वाटा न्यूट्रिनो घेऊन जातात, हे भाकीत त्या मूठभर कणांनी खरे ठरवले. फुटलेला तारा जुन्या छायाचित्रांत सापडला, आणि तो अपेक्षेप्रमाणे तांबडा महाकाय नसून निळा निघाला. त्याची त्रिज्या लहान होती, म्हणून शिखर जवळजवळ तीन महिन्यांनी आले. उतरत्या तेजाने कोबाल्टच्या ऱ्हासाची लय अचूक पकडली आणि निकेल ०.०७ सौर वस्तुमान भरले. मात्र कोबाल्टचे गॅमा किरण अपेक्षेच्या कित्येक महिने आधीच दिसू लागले. आतले निकेल वरच्या थरांत मिसळले होते, म्हणजे नेटक्या गोल थरांचे चित्र खरे नव्हते. निकेलच्या सिद्धान्ताला ‘एक-ए’ बाबतीत थेट पुरावा मिळायला २०१४ उजाडले. एम८२ दीर्घिकेतल्या एसएन २०१४जे मधून येणारे कोबाल्टचे गॅमा किरण युरोपच्या ‘इंटिग्रल’ उपग्रहाने टिपले आणि त्यावरून निकेल सुमारे ०.६ सौर वस्तुमान आले. उजेडावरून काढलेल्या अंदाजाशी ते जुळले.

आज या क्षेत्रात काम करणाऱ्यांच्या ढोबळ मानाने चार पद्धती दिसतात. पहिली सुटसुटीत सूत्रांची. ती झटपट आहे, शेकडो स्फोटांना लावता येते आणि कोणते माप कशावर अवलंबून आहे हे स्पष्ट दाखवते. तिच्याच वंशात संगणकीय जुळवणी येते. ‘मॉसफिट’सारखी आज्ञावली लाखो शक्यता तपासून प्रत्येक राशीचा संभाव्य पल्ला सांगते. पण पल्ला अरुंद आला म्हणून प्रतिमान खरे ठरत नाही, हे तिथे सतत लक्षात ठेवावे लागते. दुसरी पद्धत तारा जन्मापासून घडवण्याची. ‘मेसा’सारख्या आज्ञावलीत ताऱ्याचे आयुष्य चालवायचे, शेवटी तो फोडायचा, ‘स्टेला’ किंवा ‘सेडोना’त त्याचा प्रकाश मोजायचा आणि तो निरीक्षणाशी ताडून पाहायचा. तिसरी वर्णपटवाल्यांची. लिऑन ल्युसी आणि पाओलो माझाली यांच्या परंपरेत कोट्यवधी काल्पनिक प्रकाशकण वायूच्या थरांतून सोडले जातात आणि कोणत्या थरात कोणते मूलद्रव्य आहे हे दिवसागणिक उलगडत नेले जाते. स्फोट पांगून पारदर्शक झाला की ऑक्सिजनच्या रेषांचा आकारच द्रव्याची मांडणी सांगतो. एसएन २००३जेडी मध्ये ही रेष दुहेरी शिखराची दिसली आणि स्फोट एका अक्षावर ताणलेला होता हे कळले.

चौथी पद्धत स्फोटाकडे न पाहता त्याच्या परिसराकडे पाहते. उडालेले द्रव्य ताऱ्याने आधी सोडलेल्या वाऱ्यावर आदळते तेव्हा रेडिओ लहरी आणि क्ष-किरण निघतात. १९८२ मध्ये रॉजर शेव्हेलिए यांनी या टकरीचे गणित बसवले. त्यातून ताऱ्याने अखेरच्या दशकांत किंवा शतकांत किती द्रव्य गमावले ते कळते. या कामात महाराष्ट्राचा वाटा ठसठशीत आहे. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या कमी वारंवारतेच्या लहरी ऐकतात. सुपरनोव्हाच्या रेडिओ वर्णपटाची ही बाजू इतर मोठ्या दुर्बिणींच्या आवाक्यात सहसा येत नाही. पूनम चंद्रा, अलक रे आणि सहकाऱ्यांनी एसएन १९९३जे ची जीएमआरटी आणि अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणींनी घेतलेली मापे एकत्र केली. वर्णपट कुठे वाकतो हे त्यांना सापडले आणि त्यावरून स्फोटाच्या आघात-प्रदेशातले चुंबकीय क्षेत्र काढता आले. एरवी हे क्षेत्र गृहीतच धरावे लागते. एटी२०१८काऊचा पाठपुरावाही जीएमआरटीने केला.

आता विलक्षण सुपरनोव्हांकडे वळू. २५ एप्रिल १९९८ रोजी एका गॅमा-किरण स्फोटाच्या जागीच एसएन १९९८बीडब्ल्यू सापडला. त्याच्या वर्णरेषा इतक्या रुंद होत्या की गोल प्रतिमानाने गतिज ऊर्जा ३ गुणिले १० चा ५२ वा घात अर्ग, म्हणजे नेहमीच्या स्फोटाच्या तीसपट काढली. लगेच दुसऱ्या गटाने विचारले: स्फोट लांबट असेल आणि आपण त्याच्या अक्षाच्या दिशेने पाहत असू तर? त्यांच्या हिशेबात २ गुणिले १० चा ५१ वा घात अर्ग पुरेसे होते. आकाराबद्दलचे एक गृहीतक बदलले आणि उत्तर पंधरापटीने हलले. पुढच्या संशोधनाचा कल मोठ्या ऊर्जेकडे राहिला, पण आकाराचा प्रश्न तेव्हापासून टाळता येईनासा झाला.

२००३ मध्ये सापडलेल्या एसएन २००३एफजी चा तिढा चंद्रशेखर मर्यादेशी होता. तेजावरून निकेल १.३ सौर वस्तुमान आले, एकूण द्रव्य २.१. एखाद्या श्वेत बटूत हे बसत नाही. त्यातून वेग मात्र सामान्य ‘एक-ए’ पेक्षा कमी, सेकंदाला सुमारे ८,००० किलोमीटर. दोन श्वेत बटू एकमेकांत विलीन झाले असावेत, अशी एक मांडणी झाली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या उपासना दास आणि बानिब्रत मुखोपाध्याय यांनी २०१३ मध्ये प्रखर चुंबकीय क्षेत्र असेल तर श्वेत बटूची मर्यादा २.५८ सौर वस्तुमानांपर्यंत जाऊ शकते अशी मांडणी केली. कार्बनच्या दाट आवरणावर आदळून काही उजेड निघाला असेल, तर मुळात एवढे निकेल लागणारच नाही, असाही पर्याय आहे.

दुसऱ्या टोकाला एसएन २००८एचए. त्याचे तेज सामान्य ‘एक-ए’ च्या शतांशाहून कमी, वेग सेकंदाला अवघा २,००० किलोमीटर आणि निकेल ०.००३ सौर वस्तुमान. त्याच निरीक्षणांवरून एका गटाने हा महाकाय ताऱ्याचा अपुरा स्फोट आहे असे मानले, दुसऱ्याने श्वेत बटूचे अर्धवट जळणे. त्याच्याच कुळातल्या एसएन २०१२झेड चे मूळ हबलच्या जुन्या छायाचित्रांत सापडले आणि कित्येक वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हा ते ठिकाण पूर्वीपेक्षाही तेजस्वी दिसले. स्फोट होऊनही तारा पूर्ण नष्ट झाला नसावा, या शक्यतेला त्यातून बळ मिळाले. याच कुळातल्या एसएन २००५एचके चा मागोवा देवेंद्र साहू, जी. सी. अनुपमा आणि जपानी सहकाऱ्यांनी लडाखमधल्या हानले इथल्या दोन मीटर व्यासाच्या हिमालयन चंद्रा दुर्बिणीसह चारशे दिवस घेतला. क्षीण सुपरनोव्हाचे असे दीर्घ निरीक्षण फार मोलाचे असते, कारण आतला भाग उशिराच दिसतो.

उशिराच्या निरीक्षणाचे महत्त्व सांगणारे सर्वांत बोलके उदाहरण एसएन २००६जीवाय. सप्टेंबर २००६ मध्ये सापडलेल्या या स्फोटाने केवळ प्रकाशरूपात १० चा ५१ वा घात अर्गांच्या घरात ऊर्जा दिली. सूर्य आपल्या सबंध आयुष्यात साधारण एवढीच ऊर्जा बाहेर टाकेल. शंभर सूर्यांएवढा तारा गाभ्यातल्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोड्यांमुळे अस्थिर होऊन फुटला असावा, असे तेव्हा वाटले. २०२० मध्ये अँडर्स येर्कस्ट्रँड आणि सहकाऱ्यांनी स्फोटानंतर सुमारे १३ महिन्यांनी घेतलेल्या वर्णपटातल्या रेषा ओळखल्या. त्या होत्या लोखंडाच्या, आणि भरपूर लोखंडाच्या. त्यांचा निष्कर्ष असा की फुटला तो श्वेत बटूच, पण सुमारे दहा सूर्यांएवढ्या वायूच्या कवचात. अफाट तेज त्या टकरीतून आले. इथे आकडा थोडाफार सुधारला गेला नाही, स्फोटाची जातच बदलली.

एसएन २००७बीआय बद्दलही असेच दोन तट आहेत. त्याचा मंद उतार कोबाल्टशी जुळला, म्हणून तीन सौर वस्तुमानांहून अधिक निकेल आणि शंभर सौर वस्तुमानांच्या आसपासचा गाभा असा अंदाज आला. वेगाने फिरणाऱ्या, प्रचंड चुंबकीय न्यूट्रॉन ताऱ्याने आतून ऊर्जा पुरवली तरी जवळजवळ असाच आलेख मिळतो, हे २०१० मध्ये डॅनियल केसन, लार्स बिल्डस्टन आणि स्टॅन वूस्ली यांनी दाखवले. अशा इंजिनाचा दोष हा की त्याच्या फिरण्याचा वेग आणि चुंबकीय क्षेत्र जुळवून घेऊन ते कितीतरी वेगवेगळ्या आलेखांना बसवता येते. जे प्रतिमान सगळ्यालाच बसते, त्याच्याकडून वेगळा पुरावा मागणे भाग आहे.

हा विषय आत्ताच हाती घेण्याचे कारण म्हणजे निरीक्षणांचा ओघ. झ्विकी यांनी आयुष्यभरात शंभराहून अधिक सुपरनोव्हा शोधले, आणि तो त्या काळचा अजोड पराक्रम होता. आज जगभरातून वर्षाला दहा हजारांहून अधिक नवे प्रकाशबिंदू नोंदवले जातात. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये पहिली छायाचित्रे प्रसिद्ध केली. ८.४ मीटरचा आरसा आणि ३,२०० मेगापिक्सेलचा कॅमेरा दहा वर्षे दक्षिण आकाश पुन्हा पुन्हा पाहणार आहे. बदलांच्या सूचना रात्रीला एक कोटीपर्यंत जातील अशी तिची आखणी आहे. एवढ्यांचे वर्णपट घेणे कोणालाही शक्य नाही. म्हणजे बहुसंख्य स्फोटांसाठी वेग ठाऊक नसतानाच अंदाज करावे लागतील, आणि दुर्मीळ स्फोट गर्दीत हरवू नये यासाठी कोणता बिंदू तातडीने पाहायचा हे काही तासांत ठरवावे लागेल. पहिला ढोबळ अंदाज किती भरवशाचा आहे, हा प्रश्न त्यामुळे रोजच्या कामाचा झाला आहे.

आपल्याकडची साधने या कामाला अनुकूल आहेत. आयआयटी मुंबई आणि भारतीय तारा भौतिकी संस्था यांची ०.७ मीटरची ‘ग्रोथ-इंडिया’ रोबोटिक दुर्बीण हानलेत आहे, देवस्थळला ३.६ मीटरची दुर्बीण आहे, अवकाशात अ‍ॅस्ट्रोसॅट आहे. भारताचे रेखांशही उपयोगी पडतात, कारण अमेरिकेत उजाडते तेव्हा लडाखात रात्र असते. १९ मे २०२३ रोजी जपानच्या कोइची इतागाकी यांना एम१०१ दीर्घिकेत एसएन २०२३आयएक्सएफ दिसला. भारतीय गटाने अ‍ॅस्ट्रोसॅट आणि हानलेच्या दुर्बिणींनी त्याचे सुरुवातीचे अतिनील आणि दृश्य वर्णपट घेतले. ताऱ्यालगतच्या दाट वायूच्या अरुंद रेषा त्यांत दिसल्या आणि काही दिवसांत विरल्या. मरणापूर्वीच्या काळात ताऱ्याने किती द्रव्य टाकले, याची साक्ष एवढ्याच दिवसांपुरती उपलब्ध होती.

या अंदाजांवर इतर अनेक शाखा उभ्या आहेत. दीर्घिकांत लोखंड आणि ऑक्सिजन किती व केव्हा आले, किती वस्तुमानाचा तारा न्यूट्रॉन तारा सोडतो आणि किती वस्तुमानाचा कृष्णविवर, विश्वाच्या प्रसरणासाठी वापरलेल्या ‘एक-ए’ सुपरनोव्हांत परके नमुने मिसळले आहेत का, या साऱ्यांची उत्तरे उडालेले द्रव्य आणि निकेल यांच्या आकड्यांवर टेकतात. त्या आकड्यांतली विसंगतीही बोलकी असते. तांबड्या महाकाय ताऱ्यांची स्फोटापूर्वीची छायाचित्रे जे वस्तुमान सांगतात, त्यापेक्षा द्रवगतिकीय प्रतिमाने काही प्रकरणांत मोठे वस्तुमान देतात. चूक छायाचित्रांच्या वाचनात आहे, प्रतिमानात आहे की ताऱ्यांच्या उत्क्रांतीबद्दलच्या आपल्या समजुतीत, हा वाद चालू आहे.

मराठीत सुपरनोव्हांवर लिहिले गेले आहे, पण बहुधा घटनेच्या भव्यतेविषयी. हे पुस्तक अनुमानाच्या रीतीकडे वळते. पदार्थविज्ञानाची पदवी घेणारा विद्यार्थी, हौशी निरीक्षक आणि विज्ञानाची बातमी नीट वाचू पाहणारा वाचक त्याच्या नजरेसमोर आहेत. बारावीचे गणित पुरावे, अशा बेताने सूत्रे उभी केली आहेत. प्रत्येक सूत्रासोबत त्याची गृहीतके मांडली आहेत आणि त्यांतले एक मोडले तर उत्तर कोणत्या दिशेला व कितीने सरकते हेही करून दाखवले आहे. उदाहरणे मुद्दाम वादग्रस्त घेतली आहेत. जिथे दोन गटांनी एकाच निरीक्षणातून वेगळी उत्तरे काढली, तिथे दोन्ही हिशेब शेजारी शेजारी दिले आहेत आणि निवाडा उपलब्ध पुराव्यापुरताच केला आहे. स्फोट ताऱ्याच्या आत नेमका कसा पेटतो याचे त्रिमिती संगणकीय सिद्धान्त आणि विश्वरचनाशास्त्रातला सुपरनोव्हांचा वापर इथे आवश्यक तेवढाच आला आहे. ते दोन्ही स्वतंत्र ग्रंथांचे विषय आहेत.

नवख्या वाचकाने सामान्य ‘एक-ए’ आणि सपाट आलेखाचे प्रकार दोन यांच्या गणितापासून सुरुवात करावी, कारण विलक्षण कशाला म्हणायचे हे त्यावरूनच ठरते. ज्याला सूत्रे परिचित आहेत त्याने थेट एसएन २००६जीवाय आणि एटी२०१८काऊ यांच्याकडे जायला हरकत नाही. झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटीसारख्या सर्वेक्षणांची बरीच मापे सर्वांसाठी खुली आहेत. त्यातला एखादा अलीकडचा सुपरनोव्हा घेऊन, त्याच्या आलेखाची रुंदी आणि शिखर मोजून, या पुस्तकातल्या पद्धतीने द्रव्य आणि निकेल काढता येईल. मग अपारदर्शकता आणि अंतर थोडे बदलून तेच गणित पुन्हा करावे आणि दोन्ही उत्तरे प्रसिद्ध झालेल्या आकड्यांसमोर ठेवावीत.